विश्लेषण : टीव्ही बिघडला की बदलायचाच का?

हिंगोली जिल्ह्यात वळवाचा पाऊस विजांचा कडकडाट घेऊन येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांपुढे बंद पडलेले संच येऊ लागतात. परतीच्या पावसातही तेच होते. सेनगाव असो, कळमनुरी असो की वसमत, यातल्या अनेकांना एकच उत्तर ऐकावे लागते : ‘पॅनेल गेलंय, खर्चात पडू नका, नवीन घ्या.’ हे उत्तर काही वेळा खरे असते. पण आजच्या एलईडी टीव्हीत पॅनेल शाबूत ठेवून होणारे बिघाड पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेचसे थोडक्या खर्चात दुरुस्त होतात. सोयाबीन-हळदीच्या हंगामावर घर चालवणाऱ्याला किंवा रोजंदारीवर जाणाऱ्याला आठ-दहा हजारांचा नवा संच ही किरकोळ खरेदी नाही. म्हणूनच संच बदलण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे हे कळणे हा ग्राहकाचा हक्क मानला पाहिजे. त्यासाठी टीव्हीच्या आत काय असते, ते कसे बिघडते आणि दुरुस्ती कुठे अडते, हे समजून घ्यावे लागेल.

जुन्या आणि नव्या टीव्हीत फरक काय?

पिक्चर ट्यूबच्या काळात टीव्ही दुरुस्ती हा स्थिर धंदा होता. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा स्वतंत्र अभ्यासक्रम होता. अनेक संचांसोबत सर्किटचा नकाशा येत असे. सुटे भाग बाजारात मिळत आणि ते एकेक करून बदलता येत.

आजचा टीव्ही वरून गुंतागुंतीचा वाटतो, पण आतून तो मोजक्याच भागांचा बनलेला आहे. घरातली वीज कमी दाबाच्या विजेत बदलणारा पॉवर सप्लाय, सिग्नल आणि अ‍ॅप सांभाळणारा मेन बोर्ड, पॅनेलला चित्राची माहिती पुरवणारा टी-कॉन, मागून उजेड देणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या म्हणजे बॅकलाइट आणि सर्वांत पुढे पॅनेलची काच. लहान संचांत पॉवर सप्लाय, मेन बोर्ड आणि बॅकलाइट चालवणारा भाग एकाच बोर्डावर बसवलेले असतात. या सगळ्यांत पॅनेल सर्वांत महाग. त्याचा मुख्य भाग असलेला ओपन सेल भारतात प्रामुख्याने आयात होतो. त्यामुळे पॅनेल खरोखर गेले तर दुरुस्ती बहुतेक वेळा परवडत नाही. बाकीच्या चार भागांचे तसे नाही.

आवाज येतो, चित्र नाही. पॅनेल गेले का?

ही सर्वाधिक ऐकू येणाऱ्या तक्रारींपैकी एक आणि सर्वाधिक गैरसमजाचीही. एलसीडी पॅनेल स्वतः उजेड देत नाही. मागचा बॅकलाइट बंद पडला की चित्र तयार होत असूनही दिसत नाही. याची परीक्षा घरीच करता येते. रात्री खोलीतला दिवा घालवायचा, टीव्ही सुरू करून मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरायचा. अंधूक हलणारे चित्र किंवा मेनूची अक्षरे दिसली, तर पॅनेल काम करत आहे आणि दोष बॅकलाइटकडे आहे. काहीच दिसले नाही, तर मात्र मेन बोर्ड, टी-कॉन किंवा पॅनेल यापैकी काहीही असू शकते. तो निकाल मीटर लावल्याशिवाय लागत नाही.

बॅकलाइटमधले एलईडी लग्नातल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. एक गेला की ओळ बंद. काही संचांत पडदा सेकंदभर उजळतो आणि लगेच काळा होतो; एलईडीतला दोष ओळखून त्यांना वीज देणारा भाग स्वतःहून थांबल्याचे ते लक्षण असते. पडद्यावर पांढरे गोल ठिपके दिसू लागले, तर एलईडीवरची प्लास्टिकची भिंगे निखळलेली असतात. चित्र निळसर-जांभळे पडले, तर एलईडीचा थर झिजलेला असतो. या तिन्हींत पॅनेलचा दोष नाही.

32 इंची संचाच्या पट्ट्या काही शे रुपयांत मिळतात. मजुरी धरूनही खर्च नव्या संचाच्या तुलनेत थोडाच राहतो. मात्र पट्ट्या बदलताना पॅनेलची काच उचलावी लागते आणि ती फुटू शकते. ही जोखीम कोणाची, हे संच उघडण्याआधीच बोलून घ्यावे. एकच एलईडी बदलण्याऐवजी पूर्ण संच बदलणे बरे, कारण बाकीचेही तितकेच जुने असतात.

संच पूर्ण बंद असेल तर?

आधी टीव्हीबाहेर पाहावे. सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून वीज येते का, प्लग सैल आहे का, हे तपासावे. ‘नो सिग्नल’ दिसत असेल तर टीव्ही चालूच आहे. अशा वेळी सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडाप्टर, एचडीएमआय केबल किंवा चुकून बदललेला इनपुट हे कारण असते. रिमोट चालत नसेल तर मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यापुढे त्याचे बटण दाबावे. रिमोटच्या टोकाला प्रकाश लुकलुकताना दिसला तर रिमोट ठीक आहे आणि शंका टीव्हीवर जाते.

सॉकेटला वीज असूनही स्टँडबायचा लाल दिवाच लागत नसेल, तर बहुधा पॉवर सप्लायमध्ये दोष असतो : उडालेला फ्यूज, फुटलेला व्हॅरिस्टर, जळलेला ट्रान्झिस्टर. दिवा लागतो, पण टीव्ही सुरू होत नाही किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, तेव्हा फुगलेले कपॅसिटर, बॅकलाइटमधला दोष किंवा मेन बोर्ड ही संशयाची ठिकाणे. अनेक कंपन्यांच्या संचांत लुकलुकण्याची संख्या हाच बिघाडाचा सांकेतिक आकडा असतो. त्याचा अर्थ सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि ते मॅन्युअल सहसा छोट्या दुकानदाराकडे नसते.

रेघा, अर्धा काळा पडदा किंवा लोगोवर अडकलेला टीव्ही?

पडद्यावर उभ्या रेघा दिसल्या तर टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडावा. मेनू स्वच्छ असेल आणि रेघा फक्त वाहिनीवर असतील, तर दोष सेट-टॉप बॉक्स किंवा केबलचा. मेनूवर आणि सुरुवातीच्या लोगोवरही रेघा असतील, तर तो पॅनेल किंवा टी-कॉनकडचा प्रश्न. टी-कॉन वेगळा असेल तर तो बदलता येतो. कधी कधी चपटी केबल साफ करून पुन्हा बसवली तरी काम होते. पॅनेलच्या कडेला चिकटवलेल्या पातळ पट्ट्या, ज्यांना धंद्यात ‘टॅब’ म्हणतात, त्या सुटल्या असतील तर बाँडिंगचे यंत्र लागते. ते सहसा मोठ्या शहरांत सापडते आणि त्या दुरुस्तीची खात्रीही कमी. काच फुटली असेल तर दुरुस्तीचा विचारच सोडावा.

लोगोवर अडकणारा किंवा पुन्हा पुन्हा सुरू होणारा स्मार्ट टीव्ही हा नवा प्रकार. इथे अनेकदा सॉफ्टवेअर बिघडलेले असते किंवा ते साठवणारी मेमरी चिप झिजलेली असते. फॅक्टरी रीसेटने किंवा पेनड्राइव्हवरून सॉफ्टवेअर भरून संच पुन्हा चालतो. पण ते सॉफ्टवेअर त्याच बोर्डाचे आणि त्याच पॅनेलचे हवे. चुकीची फाइल भरली तर चित्र उलटे दिसते, रंग बिघडतात किंवा संच पूर्ण बंद पडतो. अधिकृत फाइल न मिळाल्याने मेकॅनिक अनोळखी ठिकाणांहून ती शोधतात, आणि ग्राहकाचा संच प्रयोगाचे साधन बनतो.

ग्रामीण भागात धोका जास्त का?

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली हा पाच तालुक्यांचा, प्रामुख्याने शेतीवर जगणारा जिल्हा आहे. अशा भागात टीव्हीचा मोठा शत्रू त्याला येणारी वीज हाच असतो. कमी दाबाची फारशी चिंता नाही, कारण आजचे बहुतेक संच 100 ते 240 व्होल्टवर चालतील असे बनवलेले असतात. घातक ठरतो तो अचानक वाढलेला दाब. डीपीवरची किंवा खांबावरची न्यूट्रल तार तुटली, की घरात 230 व्होल्टऐवजी 400 व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. एकाच रात्री गल्लीतले टीव्ही, पंखे, चार्जर एकदम जळतात ते बहुधा यामुळे. वीज जाऊन येताना होणारे झटके आणि विजेच्या कडकडाटाचे धक्के वेगळेच.

विजेचा धक्का केवळ प्लगमधून येत नाही. छतावरच्या डिशच्या केबलमधून तो सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआय केबलने थेट मेन बोर्डवर पोहोचतो. म्हणून आभाळ भरून येताच नुसता स्विच बंद करणे पुरत नाही. प्लगही काढावा आणि डिशची केबलही. जवळ वीज कडाडू लागल्यावर मात्र केबलला हात लावू नये. घराला नीट अर्थिंग असेल तरच सर्ज प्रोटेक्टर पूर्ण उपयोगी पडतो. जास्त दाबाला आपोआप वीज तोडणारे साधन बसवले तर न्यूट्रल तुटण्यापासून बरेच संरक्षण मिळते. आणखी एक फुकटचा उपाय : सेटिंगमध्ये बॅकलाइट शंभरावर न ठेवता साठ-सत्तरवर आणला, तर एलईडी कमी तापतात आणि जास्त काळ टिकतात.

संच घरी उघडू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. प्लग काढल्यानंतरही पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक दाब काही काळ राहू शकतो. फ्यूजच्या जागी तार गुंडाळण्याचा जुगाड तर आगीला निमंत्रण आहे.

मग ‘नवीन घ्या’ हाच सल्ला का मिळतो?

याची जबाबदारी एकट्या मेकॅनिकवर टाकणे अन्यायाचे ठरेल. तालुक्याच्या गावी बसलेल्या मेकॅनिककडे मल्टिमीटर असतो, सोल्डरिंगचे साहित्य असते आणि पिक्चर ट्यूबच्या काळापासूनचा अनुभव असतो. नसते ते सर्किटचा नकाशा, अधिकृत सॉफ्टवेअर आणि मूळ सुटे भाग. एकाच नावाच्या, एकाच मापाच्या दोन संचांत वेगळे बोर्ड आणि वेगळ्या पट्ट्या असतात. भाग मागवायचा तर मोठ्या शहरातून, तोही चालेल की नाही याची खात्री नसताना. अशा वेळी दोन दिवस शोधाशोध करून थोडी मजुरी मिळवण्यापेक्षा ‘पॅनेल गेलंय’ म्हणणे सोपे पडते. शिवाय दुरुस्तीबरोबर विक्रीही करणाऱ्या दुकानात हा सल्ला फायद्याचाही असतो.

अधिकृत सेवेचा रस्ता वेगळ्या ठिकाणी अडतो. वॉरंटी संपलेल्या संचाला तिथे बहुधा पूर्ण बोर्ड किंवा पूर्ण पॅनेल बदलण्याचेच दर सांगितले जातात. बोर्डावरचा एक कपॅसिटर बदलण्याची सोय त्या पद्धतीत सहसा नसते. त्यामुळे ग्राहक दोन टोकांत सापडतो : एकीकडे परवडत नाही अशी खात्रीची दुरुस्ती, दुसरीकडे परवडते अशी बिनखात्रीची. हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसरा भरतो त्या सुमारास एक्स्चेंज ऑफरच्या जाहिराती झळकू लागतात आणि निर्णय आपोआप होऊन जातो. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. ग्राहकाला दिलासा मिळाला हे खरे. पण दुरुस्ती सेवेवरचा कर 18 टक्केच राहिला. नवे घेणे स्वस्त झाले, जुने टिकवणे नाही.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, वाहने आणि घरगुती टिकाऊ वस्तू ही त्याची चार क्षेत्रे. उत्पादकांनी सुटे भाग, सेवा केंद्रे आणि दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी अशी कल्पना आहे. पण दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा देशात नाही आणि पोर्टलवरचा सहभाग ऐच्छिक आहे. सर्किटचा नकाशा न देणाऱ्या कंपनीला त्यातून जाब विचारता येत नाही.

वाहनांच्या बाबतीत मात्र एक पाऊल आधीच पडले होते. 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग आणि तांत्रिक माहिती न देणे हा स्पर्धेला मारक व्यवहार असल्याचा तो निष्कर्ष होता. कंपन्या अपिलात गेल्या. पण जो विचार गॅरेजला लागू होतो, तो टीव्हीच्या दुकानाला का नाही, हा प्रश्न उरतोच.

ग्राहकाच्या हातात आजही काही साधने आहेत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतील त्रुटीबद्दल तक्रार करता येते. सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरू शकते. वादाचा मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे शुल्क लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर दाद मागता येते. मात्र कागद नसेल तर यातले काहीच चालत नाही. म्हणून संच देताना मॉडेल, सिरियल नंबर आणि तक्रार लिहिलेली पावती घ्यावी. काय बिघडले, कोणता भाग बदलला, त्यावर किती दिवसांची हमी, हे लिहून मागावे. काढलेला जुना भाग परत मागावा.

इतर देशांत काय झाले आणि इथे काय व्हावे?

युरोपीय संघात 1 मार्च 2021 पासून टीव्ही उत्पादकांना पॉवर सप्लाय, जोडण्या आणि मोठे कपॅसिटर यांसारखे भाग व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना किमान 7 वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात आणि 15 कामकाजाच्या दिवसांत पोहोचवावे लागतात. फ्रान्सने 2021 पासून टीव्हीवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे बंधनकारक केले. 2025 पासून त्याची जागा टिकाऊपणाच्या गुणांनी घेतली. भारतातही दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाच्या चौकटीबाबत तज्ज्ञ समितीने मे 2025 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाला अहवाल दिला. त्याचा भर आधी मोबाइल आणि टॅबवर आहे. टीव्हीला त्यात लवकर जागा मिळायला हवी, कारण मोबाइल सुटल्यावर सामान्य घरातली ही सर्वांत महागड्या वस्तूंपैकी एक आहे.

कंपन्यांचा सुरक्षिततेचा मुद्दा खोटा नाही. अर्धवट शिकलेल्या हातांनी केलेली दुरुस्ती घातक ठरते. पण त्यावरचा उपाय माहिती दडवणे हा नसून हात शिकवणे हा आहे. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये कामावर असलेल्या मेकॅनिकांसाठी एलईडी टीव्हीचे लहान अभ्यासक्रम चालवता येतील. ज्याने तो पूर्ण केला त्याला सर्व्हिस मॅन्युअल आणि सॉफ्टवेअर मिळण्याची सोय कंपन्यांवर बंधनकारक करता येईल. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत जुन्या वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. तिचा लाभ तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचला, तर संच भंगारात जाण्याआधी त्याची एकदा नीट तपासणी होईल.

तोवर ग्राहकाने एक साधा हिशेब ठेवावा. काच फुटली असेल किंवा दुरुस्तीचा खर्च नव्या संचाच्या निम्म्याहून जास्त होत असेल, तर संच बदलावा. बाकी प्रत्येक वेळी आधी टॉर्च लावून पाहावा, मीटरने तपासून घ्यावे आणि बिघाडाचे नाव कागदावर मागावे. ‘पॅनेल गेलंय’ हे वाक्य तोंडी ऐकून आठ-दहा हजार रुपये खर्च करू नयेत.